हिवाळ्यापुरते घर : भाड्याचे की विकतचे?

नागपूरची थंडी आमच्या वडिलांच्या दम्याला सोसत नाही. पारा १० अंशांखाली उतरला की ते रात्ररात्र उशीला टेकून बसून काढतात. रत्नागिरीकडे थंडी सौम्य. तीन महिन्यांसाठी तिकडे घर पाहावे, असा विचार घरात निघाला. भाड्याने मागायला गेले की आधी आडनाव विचारतात. म्हणून वडिलांच्या फंडातून स्वतःचेच छप्पर घ्यावे, असे आईचे म्हणणे.

आम्ही वहीत हिशेब मांडला. समजा, घर १५ लाखांचे. तेवढ्या रकमेचे ६ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ९० हजार. दरमहा ८ हजार धरले तर तीन महिन्यांचे भाडे २४ हजार. विकत घेताना मुद्रांक शुल्क वेगळे, घरपट्टी वर्षभराची, आणि कोकणच्या पावसात बंद घराला ओल धरते ती निराळीच.

यंदा भाड्यानेच राहायचे ठरले. मात्र करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, हे आपल्या कुटुंबांनी ध्यानात ठेवावे. आडनावाला नाक मुरडणाऱ्यांपायी आयुष्याची पुंजी भिंतींत अडकवू नये. आधी वडिलांना तिथली हवा मानवते का, ते पाहू.