मातीचा पोत आणि अवरक्त प्रकाश

व्यवहारात ‘जमिनीचा पोत’ म्हणजे तिची सुपीकता, असा अर्थ आपण घेतो. मृदाशास्त्रात मात्र पोत म्हणजे मातीतील वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे परस्पर प्रमाण होय. प्रचलित वर्गीकरणानुसार २ ते ०.०५ मिलिमीटर व्यासाचे कण वाळूचे, ०.००२ मिलिमीटरहून लहान कण चिकणमातीचे आणि मधले पोयट्याचे. जमीन पाणी किती धरील, निचरा कसा होईल, हे मुख्यतः यावर ठरते. भारी काळ्या जमिनीस हलक्या जमिनीसारखे वारंवार पाणी दिले, तर ती चिबड होते आणि अल्पभूधारकाचे एकुलते शेत हातचे जाते.

पोत मोजण्याच्या रूढ पद्धतीत माती पाण्यात घुसळून तिचे कण सुटे करतात. जाड कण प्रथम तळाशी बसतात, सूक्ष्म कण तासन्‌तास तरंगत राहतात. ठरावीक वेळांनी हायड्रोमीटरने मिश्रणाची घनता मोजून प्रमाण काढले जाते. ही रीत विश्वसनीय, परंतु वेळखाऊ आहे.

नव्या पद्धतीत वाळवून चाळलेल्या मातीवर अवरक्त प्रकाश टाकतात आणि कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत येतो, ते नोंदवतात. चिकणमातीची खनिजे सुमारे १४०० आणि २२०० नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषतात. तेथे आलेखात खाच उमटते. दख्खनच्या काळ्या मातीतील स्मेक्टाइट आपल्या थरांमध्ये पाणी धरून ठेवते, म्हणून १९०० नॅनोमीटरजवळही ठळक खाच दिसते. कोकणच्या जांभ्या मातीत केओलिनाइट अधिक असते. त्याची ही खाच क्षीण असते. हे काम काही मिनिटांत होते.

तथापि, हे यंत्र कण मोजत नाही. खनिजांच्या खुणांवरून प्रमाणाचे अनुमान करते. ते अनुमान रूढ पद्धतीने आधी तपासलेल्या अनेक नमुन्यांवरून शिकवावे लागते. केवळ काळ्या मातीवर शिकवलेले गणित जांभ्या मातीला लावले, तर उत्तर चुकू शकते. ज्या गावांची माती नमुन्यांत नाही, त्या गावांना झटपट, पण फसवे उत्तर मिळण्याचा धोका असतो.

ऐकीव वा अधिकारवाणीने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. यंत्राच्या उत्तरालाही हीच कसोटी लावावी. कृषी आणि विज्ञान क्षेत्रांत गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी मृदा-अहवाल हाती घेताना एक प्रश्न अवश्य विचारावा: हे गणित कोणत्या मातीवर शिकवले आणि त्यात आमच्या शिवाराची माती होती काय?