तलवारीपेक्षा अडकित्ता भारी!

संत तुकाराम नगरला स्वारगेटची मेट्रो पकडा, मंडईला उतरा. गाडी बदलायची भानगड नाही. तिथून पायीच पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरच्या नातूबागेत शिरा, की आलं राजा दिनकर केलकर संग्रहालय.

हा ‘राजा’ कुठला संस्थानिक नव्हे. तो दिनकर गंगाधर केलकरांचा मुलगा. सातव्या वर्षीच तो गेला आणि वडिलांनी आयुष्यभराचा संग्रह त्याच्या नावाने केला.

केलकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, पण खरं वेड जुन्या वस्तूंचं. १९२० च्या सुमारास जमवायला लागले ते थांबलेच नाहीत. पत्नी कमलाबाई या उद्योगात बरोबरीने. घरात आणखी एक समई आली, की ठेवायची कुठे, हे कोडं बहुधा त्यांनाच सोडवावं लागत असणार!

आता खरी गंमत. सुपारी कातरायला दोन पाती पुरतात ना? पण इथल्या अडकित्त्यांत कुठे घोडा, कुठे पोपट, कुठे चक्क प्रणयात रमलेलं जोडपं. पान जमवता जमवता बैठकीत काय चेष्टामस्करी चालत असेल, याचा अंदाज येतो. आणि वज्री! टाच घासायची साधी वस्तू, तळ खरखरीत, पण वर पितळेचे पशुपक्षी दिमाखात उभे. डी. वाय. पाटील कॉलेजची पोरं तिला पेपरवेट म्हणतील, पैज लावा. शिवाय दौती, दिवे, गंजिफा, स्वयंपाकघरातली भांडी, वाद्ये. कोथरूडहून आणलेल्या अवशेषांतून उभा केलेला मस्तानी महालही इथेच आहे. लोक आधी तिकडे धावतात. माझं मत विचाराल तर मस्तानीला थोडं थांबू द्या, अडकित्ते आधी.

एकूण वस्तू २० हजारांहून जास्त. मांडलेल्या जेमतेम अडीच हजार. म्हणजे तुम्ही पाहता त्याच्या कितीतरी पट कपाटबंद! पुढे केलकरांनी हा सगळा खजिना राज्य सरकारला देऊन टाकला. त्यांना पद्मश्रीही मिळाली.

जाताना आजीला सोबत न्या. कुठली वस्तू कशी वापरायची, हे पाटीपेक्षा तीच झकास सांगेल.