विंडोज १० ची मुदत संपली. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं तर पोरांचे गेम चालतील का?

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या लॅपटॉप पाठीवर टाकून घरी आला. तालुक्याच्या दुकानातून तसाच परत आलेला. म्हणाला, "तात्या, दुकानदार म्हणतोय यावर विंडोज ११ बसत नाही, नवीन घ्या." लॅपटॉप सेकंडहँड, पण धडधाकट. सहाव्या जनरेशनचा इंटेल आय ५, आठ जीबी रॅम, एसएसडी. दादाने दोन वर्षांपूर्वी कांद्याच्या पैशातून घेतलेला. कांद्याचे पैसे दरवर्षी तसे येत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार काढून घेतला. म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही, पण सुरक्षेचे नवे अपडेट थांबतात. काही काळापुरती जादा अपडेटची सोय आहे, कायमची नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो. आपल्याकडे गावोगावी जे सेकंडहँड लॅपटॉप आलेत, त्यातले बरेच याच्या अलीकडचे आहेत.

मी म्हणालो, लिनक्स टाकू. फुकट आहे आणि जुन्या मशीनवर हलकं चालतं. केरळमध्ये सरकारी शाळांचे कॉम्प्युटर कित्येक वर्षं लिनक्सवरच चालतात. पुतण्याने एकच प्रश्न विचारला, "माझे गेम चालतील का?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. गेम चालले नाहीत तर पोरगं आठ दिवसांत कुठून तरी चोरीचं विंडोज आणून टाकतं, आणि त्याच लॅपटॉपवर आपण बँकेचं काम करत असतो.

उत्तर असं की, बहुतेक चालतात, काही अजिबात चालत नाहीत. आणि कुठले चालत नाहीत हे डिस्क पुसण्याआधी कळू शकतं.

ट्रॅक्टर एक, जोडणी वेगळी

विंडोजसाठी केलेला गेम लिनक्सवर का चालत नाही, हे आधी बघू. लॅपटॉपचा प्रोसेसर तर तोच आहे. गेममधली गणितं त्याला विंडोजमध्येही समजतात आणि लिनक्समध्येही. अडतं ते जोडणीला. गेम पदोपदी विंडोजकडे काही ना काही मागत असतो. ही फाइल उघड, इथे खिडकी दाखव, एवढा आवाज काढ, हे चित्र पडद्यावर रंगव. या मागण्यांची नावं विंडोजची आहेत. लिनक्सकडे ही सगळी कामं होतात, पण नावं वेगळी आणि पद्धतही वेगळी.

रोटाव्हेटर चांगला आहे, ट्रॅक्टरलाही ताकद आहे, पण जोडणीची पिन बसत नाही, तसंच हे. अशा वेळी आपण नवा ट्रॅक्टर घेत नाही, लोहाराकडून जोड करून आणतो.

हा जोड म्हणजे वाइन नावाचं सॉफ्टवेअर. त्याचं काम १९९३ साली सुरू झालं, आणि १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड हा माणूस त्याचं नेतृत्व करतोय. जगभरातल्या लोकांनी विंडोजच्या त्या हजारो मागण्या एकेक करून बघितल्या आणि प्रत्येकीला लिनक्सकडून उत्तर मिळेल अशी सोय लिहून काढली. पहिली पक्की आवृत्ती यायला २००८ साल उजाडलं. पंधरा वर्षं! एवढ्या काळात आपली आंब्याची बाग लागून चांगलं फळ द्यायला लागते.

वाइन आत दुसरा कॉम्प्युटर उभा करत नाही. मोबाइलचे गेम पीसीवर खेळायला पोरं जे एम्युलेटर टाकतात, त्यात अख्ख्या मोबाइलची नक्कल चाललेली असते, म्हणून मशीन धापा टाकतं. वाइनमध्ये गेम थेट तुमच्याच प्रोसेसरवर पळतो, फक्त मागण्यांचं भाषांतर होतं. म्हणून वेगात फार मार बसत नाही.

मग इतकी वर्षं गेम का चालत नव्हते?

चित्रामुळे. विंडोजचे गेम पडद्यावर चित्र काढायला डायरेक्ट-थ्रीडी नावाची पद्धत वापरतात, आणि ती फक्त विंडोजची. वाइन तिचं भाषांतर करायचं, पण संथ आणि अडखळत. साधी सॉफ्टवेअर उघडायची, गेम मात्र लंगडायचे.

इथे अमेरिकेतली व्हॉल्व्ह कंपनी आली. स्टीम हे गेमचं मोठं ऑनलाइन दुकान तिचं. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हा त्या कंपनीचा प्रमुख गेब न्यूवेल उघडपणे नाराज होता. धास्ती सरळ होती. आपलं सगळं दुकान दुसऱ्याच्या जागेत आहे, उद्या मालकाने स्वतःचं दुकान थाटलं तर? म्हणून त्यांनी २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी गेमची मशीन बाजारात आणून बघितली. ती आपटली, कारण लिनक्ससाठी बनवलेले गेमच मोजके होते.

दरम्यान फिलिप रेबोले नावाचा एक तरुण स्वतःच्या हौसेने वेगळंच करत होता. त्याला निअर ऑटोमेटा हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. त्यासाठी त्याने डायरेक्ट-थ्रीडीच्या मागण्या व्हल्कन या नव्या, वेगवान पद्धतीत बदलणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्याचं नाव डीएक्सव्हीके. गेम नुसता चालला नाही, पळाला. व्हॉल्व्हने हे हेरलं, त्याला पैसे देऊन काम पुढे न्यायला लावलं, त्याला वाइनची जोड दिली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सगळं मिळून प्रोटॉन नावाने स्टीममध्येच फुकट घालून दिलं. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी स्टीम डेक हे हातात धरायचं गेमिंग यंत्र आणलं. ते लिनक्सवर चालतं आणि त्यावर लोक विंडोजचेच गेम खेळतात. कंपनीचा स्वतःचा धंदा आता या जोडावर उभा आहे, म्हणून त्याची दुरुस्ती सतत चालू असते. आपल्याला त्याचा फायदा आयता मिळतो.

काय चालत नाही, हे आधी वाचा

आता मुख्य गोष्ट. ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये चोरी पकडायला एक पहारेकरी असतो, त्याला अँटी-चीट म्हणतात. काही पहारेकरी विंडोजच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतात. लिनक्समध्ये तो गाभाच नाही, मग ते बसणार कुठे? तिथे भाषांतर कामाचं नाही.

व्हॅलोरंट चालत नाही. फोर्टनाइट चालत नाही. पीसीवरचा पबजी आणि नवे कॉल ऑफ ड्यूटी चालत नाहीत. एपेक्स लीजेंड्स आधी चालायचा, २०२४ च्या शेवटी कंपनीने लिनक्सवाल्यांना दार बंद केलं. जीटीए ५ ची गोष्ट अर्धी-अर्धी आहे: एकट्याने खेळायची कथा चालते, ऑनलाइन भाग सप्टेंबर २०२४ पासून बंद. यात तुमच्या लॅपटॉपचा दोष नाही आणि कुठला दुकानदार हजार रुपये घेऊन "करून देतो" म्हणाला तरी होणार नाही. पहारेकऱ्यांपैकी बॅटल-आय आणि ईझी अँटी-चीट या दोघांनी २०२१ पासून प्रोटॉनची सोय केलेली आहे, पण ती चालू करायची की नाही हे गेमची कंपनी ठरवते. बऱ्याच जणी करत नाहीत.

मोबाइलवरचे बीजीएमआय आणि फ्री फायर इथे धरूच नका. ते अँड्रॉइडचे आहेत, वाइनचा त्यांच्याशी संबंध नाही.

माझ्या पुतण्याचं तोंड व्हॅलोरंटच्या नावाला पडलं. पण ते डिस्क पुसायच्या आधी पडलं, हे बरं झालं.

तुमच्या घरचा गेम चालेल का हे बघायला लॅपटॉपही लागत नाही, हातातला मोबाइल पुरे. प्रोटॉनडीबी ही वेबसाइट उघडा, गेमचं नाव टाका. खेळून बघितलेल्या लोकांनी दिलेला दर्जा दिसतो. प्लॅटिनम म्हणजे काही न करता चालतो, गोल्ड म्हणजे थोडी मांडामांड करून चालतो, खाली सिल्व्हर, ब्राँझ, आणि बोर्क्ड म्हणजे नाद सोडा.

आम्ही काय केलं

आधी त्याचे फोटो, कॉलेजच्या फाइली, घरचे सातबाराचे पीडीएफ असं सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतलं. हे टाळू नका. विंडोजवर चालणारं हिशेबाचं किंवा डिजिटल सहीचं काम त्याच लॅपटॉपवर होत असेल, तर विंडोज पूर्ण काढण्याआधी थांबा आणि ज्याच्याकडून ते घेतलंय त्याला विचारा.

मग लिनक्स मिंटची फाइल उतरवली. तीन जीबीच्या आसपास आहे, दिवसाचा डेटा पॅक पुरत नाही, मी कृषी केंद्रवाल्याच्या वायफायवर बसून काढली. रुफस या फुकट सॉफ्टवेअरने ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली. फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, आणि पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं जातं. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून चालू केला की काहीही इन्स्टॉल न करता मिंट वापरून बघता येतं. वायफाय, आवाज, टचपॅड चालतंय का ते तिथेच बघून घ्या. इन्स्टॉल करताना विंडोज शेजारी ठेवायचा पर्यायही मिळतो.

पुढचं सोपं. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून स्टीम घ्यायचं. तिथे दोन प्रकारचं दिसेल, त्यातलं फ्लॅटपॅक नसलेलं घ्या. गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी असं गेलं की प्रोटॉनची आवृत्ती निवडता येते. एका आवृत्तीवर अडला तर दुसरी लावून बघायची. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून त्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो. इंटेल आणि एएमडीचा आधीपासून असतो.

गेम पहिल्यांदा चालू करताना जरा अडखळतो, कारण चित्रांचं भाषांतर तेव्हा तयार होत असतं. पोरं लगेच "हँग झालं" म्हणून बटण दाबून धरतात. थोडं थांबा म्हणावं.

ग्राफिक्सचं मात्र स्पष्ट सांगतो. व्हल्कन नीट चालायला इंटेलचं सहाव्या जनरेशनपासूनचं मशीन बरं. तिसऱ्या-चौथ्या जनरेशनमध्ये व्हल्कनची सोय अपुरी आहे, तिथे खूप जुने आणि हलके गेम एवढीच अपेक्षा ठेवा. जो गेम विंडोजवर रखडायचा, तो लिनक्सवर घोड्यासारखा धावेल असंही नाही.

जुन्या सीडीवरचे गेम असतील तर लुट्रिस किंवा बॉटल्स ही सॉफ्टवेअर वाइनची जुळवाजुळव करून देतात. गंमत बघा, खूप जुने १६ बिटचे प्रोग्रॅम आजच्या विंडोजवर उघडतच नाहीत, वाइनमध्ये उघडतात. एपिकचं दुकान दर आठवड्याला एखादा गेम फुकट देतं, तो लिनक्सवर हिरोइक या सॉफ्टवेअरमधून घेता येतो.

क्रॅक गेमचं काय?

हे विचारणारे दहापैकी आठ असतात, म्हणून सांगतो. लिनक्सवर व्हायरस येत नाही या भरवशावर पोरं कुठल्याही साइटवरून क्रॅक गेम घेतात आणि वाइनमध्ये उघडतात. वाइन विंडोजचा प्रोग्रॅम चालवतं, मग विंडोजचा व्हायरसही चालवू शकतं. वाइनच्या आतून तुमच्या घरच्या फोल्डरपर्यंत वाट उघडी असते. फोटो, कागदपत्रं, सगळं तिथेच असतं.

त्यापेक्षा डोटा २ आणि काउंटर-स्ट्राइक २ फुकट आहेत आणि लिनक्ससाठीच बनलेले आहेत, प्रोटॉनसुद्धा लागत नाही. अर्थात काउंटर-स्ट्राइक २ ला मशीन दमदार हवं. विकत घ्यायचा तर स्टीमवर सेल लागेपर्यंत थांबा. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणजे प्रोटॉनवर चालला नाही तर नुकसान नाही, फक्त त्या दोन तासांत नीट तपासून घ्या. आणि एकाच वायफायवरच्या मित्राच्या कॉम्प्युटरमध्ये तोच गेम असेल तर स्टीम तो तिथून घेऊ शकतं, इंटरनेटचा डेटा वाचतो.

जुन्या विंडोजची डिस्क शेजारी ठेवली असेल तर तिथे पडलेले गेम तसेच लिनक्समधून चालवायचा मोह होईल. करू नका. विंडोजच्या पद्धतीने बांधलेल्या त्या डिस्कवर प्रोटॉन गडबड करतं. गेम लिनक्सच्या भागात ठेवा. आमचे दोन दिवस यातच गेले.

पुतण्याने शेवटी विंडोज काढलं. सध्या तो युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये जर्मनीतून माल वाहतोय. तो गेम लिनक्ससाठीही बनलेला आहे, त्यामुळे प्रोटॉनची परीक्षा त्यात झाली नाही. ती झाली एका जुन्या रेसिंग गेममध्ये, आणि दुसऱ्या आवृत्तीवर तो चालला. व्हॅलोरंटसाठी तो रविवारी मित्राकडे जातो. दादा म्हणतो, तेवढीच लाइट वाचते.

मिंटचा पेनड्राइव्ह माझ्याकडे आहे. सध्या तो वरच्या वस्तीवर गेलाय, आला की पुढच्याला देतो. येताना स्वतःचा पेनड्राइव्ह आणलात तर लगेच करून देईन, फक्त लाइटचं वेळापत्रक बघून या.