लिपी हाताशी असताना

घरात कोकणी बोलली जावो वा मराठी, आमची मुले हल्ली लिहितात मात्र रोमीत. भ्रमणध्वनीवरील निरोप असो, जत्रेचे आमंत्रण असो की कुणाच्या निधनाची वार्ता, शब्द आपले आणि अक्षरे परकी. (कोकणी रोमीत लिहिण्याची ख्रिस्ती बांधवांची परंपरा शतकांची आहे, तिच्याविषयी आमची तक्रार नाही.) प्रश्न नागरीत शिकलेल्या आणि तरीही नागरी टाकून दिलेल्या मुलांचा आहे.

१५५६ साली ॲबिसिनियाकडे निघालेला छापखाना गोव्यात उतरला आणि येथेच राहिला. आशिया खंडात युरोपीय पद्धतीचे मुद्रण सुरू झाले ते या भूमीत. पुढे फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. पण रोमन अक्षरांत. फादरांना देशी लिपी नको होती असे नव्हे. सहाशे साचे लागतील म्हणून जे काम अशक्य वाटत होते, ते दोनशे साच्यांत भागेल, असे त्यांनी १६०८ सालीच रोमला आपल्या वरिष्ठांना कळविले होते. खिळे काही पडले नाहीत. केरीचे मराठी व्याकरण नागरी खिळ्यांनिशी छापून निघाले ते १८०५ साली, आणि तेही दूर बंगालात, श्रीरामपूरला. स्टीफन्सपाशी लिपी नव्हती म्हणून त्याने रोमीचा आश्रय घेतला. आमच्या मुलांच्या खिशातल्या यंत्रात नागरी जन्मजात बसविलेली आहे, आणि ती तिला हात लावीत नाहीत!

यंत्राने माणसाचे काम हिरावले, हा विलाप आम्ही करणार नाही. तरीही खिळे जुळविणाऱ्या कंपोझिटरची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. उलटी अक्षरे सुलटी वाचणारा, शेकडो घरांच्या केसमधून न पाहता नेमका खिळा उचलणारा, शिशाने बोटे काळी झालेला हा कारागीर बहुधा चार इयत्तांपलीकडे शिकलेला नसे. पण ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत तो भल्याभल्या लेखकांचे कान उपटी. ऑफसेट आले, संगणक आला, आणि हा वर्ग मुद्रणालयांतून नाहीसा झाला. काही जण कळफलकाकडे वळले, बरेचसे घरी बसले. त्यांच्याबरोबर शुद्धलेखनाचा एक पहाराही उठला. वृत्तपत्रांच्या आजच्या पानांवरील चुका पाहिल्या की तो उठल्याचे रोज जाणवते.

खरे नुकसान मात्र पुढेच झाले, आणि त्याला आम्ही पत्रव्यवसायातली मंडळीही जबाबदार आहोत. संगणकावर मराठी आली तेव्हा प्रत्येक कंपनीचा फाँट निराळा. एकाचा ‘क’ दुसऱ्याच्या संगणकावर भलतेच चिन्ह होऊन बसे. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते. परंतु मराठी छपाईच्या धंद्याने पुढे कितीतरी वर्षे जुन्याच फाँटांत मजकूर साठविला. छापलेला कागद शंभर वर्षांनी वाचता येतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकात ठेवलेला लेख आज उघडला तर बहुधा निरर्थक चिन्हांची रांग दिसते. पोर्तुगीज राजवटीत सेन्सॉरच्या कात्रीतून सुटावे म्हणून लोक चोरून पत्रके छापीत, तुरुंगाची भीती पत्करून ती घरोघर पोचवीत. येथे तर कात्रीही नव्हती, केवळ हेळसांड होती.

याचे मोल आता अधिकच चढले आहे. २०२२ च्या अखेरीपासून माणसासारखे लिहिणारी जी यंत्रे सर्वांच्या हाती आली, ती शिकतात ती उपलब्ध मजकुरावरून. इंग्रजीचे भांडार अफाट, मराठीचे तोकडे. आणि त्यातही गोव्यात वाढलेली मराठी, तिचे नाट्यप्रयोग, तिची भजने, तिची वृत्तपत्रे, यांचा अंश किती असणार? उद्याचा विद्यार्थी यंत्राला प्रश्न विचारील आणि यंत्र त्याला इंग्रजीचा अनुवाद वाटावा असे मराठी देईल. त्यालाच तो प्रमाण भाषा समजेल.

उपाय खर्चिक नाहीत. प्राथमिक शाळांतून मुळाक्षरे गिरविताना नागरी कळफलकही शिकवावा. इन्स्क्रिप्टची मांडणी वर्णमालेच्या क्रमाशी इतकी जुळते की मुलाला ती चार आठवड्यांत यावी. पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाला १८३२ पासूनचा वारसा आहे. मराठी नियतकालिकांची केवळ छायाचित्रे न काढता शोधता येईल असा मजकूर तयार करण्याचे काम सरकारने त्याच्यावर सोपवावे, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी. वृत्तपत्रांनीही आपापल्या कपाटांतील जुन्या तबकड्या बाहेर काढाव्यात. त्यातल्या पुष्कळशा अजून वाचतात. दमट हवेत आणखी दहा पावसाळे त्या टिकतील असे आम्हांस वाटत नाही.