घर चाकांवर, देश परका: भीती कशाची आणि जपायचं काय

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या चिचगडला यायचं ठरलं की नागपूर-पुण्याकडचे पाहुणे फोनवर हमखास दोन गोष्टी विचारतात. नक्षलवाद्यांचं काय? आणि वाघ आडवा येतो का? देवरी तालुक्याचं नाव वर्षानुवर्षं नक्षलग्रस्त भागांत घेतलं गेलं, नवेगाव-नागझिऱ्याचं जंगलही लांब नाही, तेव्हा प्रश्न अगदीच उगाच नाहीत. पण इथं राहणाऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, देवरीहून येताना अंधार पडू देऊ नका. रस्त्यात बसलेली गुरं, मागे दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, पावसात पुलावरून वाहणारा नाला, माणसं दगावतात ती यांनी.

परदेशात मोटरहोम घेऊन फिरण्याबद्दलही असंच झालं आहे. झोपायला पलंग, स्वयंपाकाला ओटा आणि कोपऱ्यात संडास असलेली गाडी आता आपल्याला अनोळखी नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पोरं नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जर्मनीत आहेत. आईवडील भेटीला जातात आणि पंधरा दिवस अशी गाडी भाड्याने घ्यायचं ठरतं. मग घरात चर्चा होते ती चोरांची आणि अस्वलांची. कागद, वजन, गॅस आणि चालकाची झोप यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. अपघात आणि दंड मात्र बहुतेक यांच्यापायीच होतात.

«आंतरराष्ट्रीय परवाना काढला की कुठलीही गाडी चालवता येते»

आंतरराष्ट्रीय परवाना हा स्वतंत्र परवाना नाहीच. तुमच्या मूळ परवान्याची, दुसऱ्या देशातल्या पोलिसाला वाचता यावी अशी ती ओळख आहे. मूळ परवाना खिशात नसेल तर तिला काही किंमत उरत नाही. चिचगडच्या माणसाला ती गोंदियाच्या परिवहन कार्यालयातून, म्हणजे ‘एमएच-३५’ वाल्यांकडूनच मिळते. शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष, आणि मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर तेवढीच. भारत ती रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे देतो. जपान याच कराराची कागदपत्रं मानतो, त्यामुळे तिथं आपलं काम होतं. चीनच्या मुख्य भूमीवर ती चालत नाही, तिथं स्थानिक परवानाच लागतो.

खरी गोम वजनात आहे. आपल्याकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना ७,५०० किलोपर्यंत चालतो. युरोपात साध्या कारच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. ऑस्ट्रेलियात ही मर्यादा ४,५०० किलो आहे, न्यूझीलंडमध्ये ६,०००. युरोपातली बरीच मोटरहोम नेमकी ३,५०० च्या आत बसवलेली असतात, आणि रिकामी असतानाच त्यांचं वजन ३,००० किलोच्या आसपास जातं. उरले ५०० किलो. चार माणसं धरा २८०. पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली की १०० किलो. गॅसच्या टाक्या, बॅगा, दोन सायकली, आणि आईने बरोबर दिलेला शिधा. मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. देवरीजवळ शिरपूरच्या तपासणी नाक्यावर काट्यावर चढणाऱ्या ट्रकांची रांग आपण पाहिलेली असते, पण पर्यटकाची गाडी कुणी मोजेल असं मनातही येत नाही. ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये पोलीस मोटरहोमही काट्यावर घेतात. जास्त भरलेल्या गाडीचा ब्रेक उशिरा लागतो आणि टायर तापून फुटतो, तेव्हा प्रश्न नुसत्या दंडापुरता राहत नाही. गाडी ताब्यात घेताना कागदावर दोन आकडे विचारून घ्यावेत: रिकामं वजन आणि मान्य कमाल वजन. पाणी मुक्कामाला पोचल्यावर भरावं.

उंचीही अशीच विसरली जाते. अमेरिकेत डरहॅम गावी ११ फूट ८ इंच उंचीचा एक रेल्वेपूल होता. त्याला आदळून इतक्या गाड्यांची छपरं सोलून निघाली, की शेवटी २०१९ मध्ये तो उचलून घ्यावा लागला. आपल्या गाडीची उंची कागदावर लिहून चालकासमोर चिकटवणं हा त्यावरचा सगळ्यात साधा उपाय.

«घरच बरोबर आहे, मग रात्री कुठंही थांबावं»

या गैरसमजापायी दंड भरणारे सर्वाधिक असावेत असं मला वाटतं. स्वीडन-नॉर्वेमध्ये कुणाच्याही रानात फिरण्याचा, तंबू टाकण्याचा जुना हक्क आहे, हे खरं. पण तो पायी फिरणाऱ्याचा हक्क आहे, मोटारगाडीला तो लागू नाही. क्रोएशियात ठरलेल्या जागेबाहेर मुक्काम करायला बंदी आहे. जर्मनीत चालकाचा थकवा जावा म्हणून रस्त्याकडेच्या वाहनतळावर एक रात्र झोपलेलं चालतं. पण बाहेर खुर्च्या मांडल्या, छत उघडलं की तो मुक्काम ठरतो आणि तिथंच नियम मोडतो.

न्यूझीलंडमध्ये यासाठी २०११ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीने तो कडक झाला. नगरपालिकेच्या जागेवर असं थांबायचं तर गाडी ‘स्वयंपूर्ण’ असल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी संडास गाडीत पक्का बसवलेला हवा. सुटा, उचलून ठेवता येणारा डबा आता चालत नाही. स्वस्त भाड्याची गाडी घेताना घोळ होतो तो इथंच.

संडासाची गोष्ट निघालीच आहे तर स्पष्ट सांगावी, कारण घरात कुणी विचारत नाही आणि पहिल्या रात्री सगळ्यांची अडचण होते. मैला एका चपट्या, चाकं असलेल्या टाकीत साठतो. टाकीचं दार गाडीच्या बाहेरच्या अंगाला असतं. ती ओढून काढायची, ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची, पाण्याने खळबळून परत बसवायची. चार माणसांत ती दोन-तीन दिवसांत भरते. हातमोज्यांची जोडी लागते, आणि पिण्याच्या पाण्याच्या नळाला ती टाकी कधीही लावायची नाही. भांडी-आंघोळीच्या पाण्याची टाकी वेगळी. ते पाणीही ओढ्यात किंवा गटारात सोडणं जवळपास सगळीकडे गुन्हा आहे.

«गॅस तर घरीही वापरतो, त्यात काय शिकायचं»

इथं मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आपल्या भागातून यात्रेच्या गाड्या निघतात तेव्हा आचारी, शिधा आणि सिलिंडर बरोबरच असतं. बस जिथं थांबेल तिथं चूल. ही सवय हाडीमाशी खिळली आहे आणि ती घेऊनच माणूस मोटरहोममध्ये शिरतो.

२६ ऑगस्ट २०२३ ला मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात आग लागली आणि ९ जण गेले. आत नियमबाह्य नेलेल्या सिलिंडरवर चहा-कॉफी होत होती. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. आग नाही, मारहाण नाही. जनरेटरचा धूर गाडीच्या तळातून आत शिरला होता, त्यातला कार्बन मोनॉक्साइड त्यांच्या जिवावर उठला.

या दोन्ही वायूंची रीत वेगळी आहे आणि ती कळली की नियम पाठ करावे लागत नाहीत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर तो जमिनीशी साठतो, म्हणून मोटरहोमच्या तळाला जाळीची भोकं ठेवलेली असतात. त्याला मुद्दाम वास दिलेला असतो, त्यामुळे निदान सुगावा लागतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. माणसाला वाटतं प्रवासाचा शीण आहे, तो आडवा होतो आणि पुन्हा उठत नाही.

आता थंडीच्या रात्रीचा विचार करा. आपल्याकडच्या माणसाला न्यूझीलंडची थंडी सोसत नाही. तळातून गार वारा येतो म्हणून आई त्या जाळीवर टॉवेल अंथरते, आणि ऊब यावी म्हणून शेगडी मंद ठेवली जाते. हेतू मायेचा असतो, पण बंद खोलीत यापेक्षा घातक काही करता येणार नाही. जाळी झाकायची नाही. शेगडी स्वयंपाकापुरती, आणि तेव्हाही एक खिडकी उघडी. एंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून झोपायचं नाही. हे पुण्या-मुंबईला एसी लावून कारमध्ये डुलकी काढणाऱ्यांनाही लागू आहे. कार्बन मोनॉक्साइड ओळखून भोंगा वाजवणारं छोटं यंत्र बाजारात मिळतं. भाड्याच्या गाडीत ते आहे का, चालतं का, हे किल्ली घेताना बटण दाबून पाहावं.

गाडी चालू असताना सिलिंडरची चावी बंद. बऱ्याच मोटरहोमचा फ्रीज गॅसवरही चालतो, म्हणजे त्याच्या आत ज्योत पेटलेली असते. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी ती विझवावीच लागते, आणि हे माहीत नसलेले पर्यटक फार आहेत. युरोपात देश बदलला की सिलिंडरचं तोंडही बदलतं. एका देशाची टाकी दुसऱ्या देशात भरून मिळेलच असं नाही.

«चालत्या गाडीत मागे आडवं होता येतं»

येत नाही. जाहिरातीत ‘सहा जणांची’ लिहिलेलं असतं ते पलंगांच्या हिशेबाने. पट्टा असलेल्या बैठका चारच असू शकतात, आणि चालत्या गाडीत पट्ट्याविना कुणीही बसायचं नाही, आजीनेसुद्धा. नातवंडं बरोबर असतील तर लहान मुलांची खुर्ची त्या बैठकीला बसते का, हे आरक्षणाआधीच विचारायचं. ओट्यावर ठेवलेला कुकर जोराच्या ब्रेकला तोफगोळ्यासारखा पुढे येतो.

«रानातली जनावरं हाच मोठा धोका»

महू फुलला की चिचगडच्या आसपासची माणसं पहाटे टोपल्या घेऊन रानात जातात, आणि अस्वलंही त्याच फुलांसाठी येतात. अस्वल वासाने येतं हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. अमेरिकेतल्या योसेमिटी उद्यानात अस्वलं अन्नाच्या वासाने कारचे दरवाजे फोडतात, म्हणून तिथं लोखंडी कपाटं दिलेली आहेत. अन्न बंदोबस्तात ठेवलं की हा प्रश्न बहुतांशी मिटतो.

जनावरांचा खरा धोका संध्याकाळच्या रस्त्यावर आहे. साकोली-देवरी भागात राष्ट्रीय महामार्ग ५३ नागझिरा-नवेगाव जंगलांना जोडणारी जनावरांची वाट कापत जातो, त्यामुळे रानडुक्कर किंवा नीलगाय अचानक दिव्यात येणं काय असतं, ते आपल्याला कळतं. ऑस्ट्रेलियात कांगारू नेमके तसेच, तिन्हीसांजेला आणि पहाटे रस्त्यावर येतात. तिथल्या अनेक भाडेकरारांत गावाबाहेर रात्री गाडी चालवायला मनाईच असते. मनाई मोडून अपघात झाला तर विमा हात वर करतो.

रस्त्याचाच विषय निघाला आहे, तर डावी-उजवी बाजूही. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, आयर्लंड, जपान, दक्षिण आफ्रिका इथं आपल्यासारखंच डावीकडून चालतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने यांतलाच देश निवडावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. बाकीच्या युरोपात आणि अमेरिकेत उजवीकडून चालताना भर रहदारीत माणूस चुकत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवते. चूक होते ती सकाळी, मोकळ्या वाहनतळावरून किंवा पंपावरून निर्जन रस्त्यावर वळताना. शेजारी बसणाऱ्याने दर वळणाला मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणावं. आणि विमानातून उतरल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊच नये. जागरण झालेल्या चालकाला परका रस्ता झेपत नाही.

न्यूझीलंडला जाताना एक आणखी. रानातला मध बरोबर नेऊ नका, तिथं बाहेरच्या मधाला बंदी आहे. लोणचं, पापड, वाळवलेली महुफुलं, जे काही खाण्याचं असेल ते देशात शिरताना भरायच्या अर्जावर लिहायचं. न लिहिता सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड.

«आपलीच गाडी, फुल इन्शुरन्स आहे, नेपाळ तर घरचंच»

स्वतःची गाडी घेऊन आपल्या भागातले लोक ज्या परदेशात खरोखर जातात तो नेपाळ. गोरखपूर, मग सोनौली, की सीमा. पासपोर्टची सक्ती नाही, पण १५ ते ६५ वयाच्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार कार्डावर भागत नाही. गाडीसाठी सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे जकात कार्यालयात जितके दिवस तितकं शुल्क भरून चिठ्ठी घ्यावी लागते, आणि भारतीय गाडी वर्षाला ३० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. चिठ्ठीची मुदत संपण्याआधी वाढवून घ्यावी.

विम्याचं मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं. भारतातली मोटार पॉलिसी भारतापुरतीच असते, फुल असो की अर्धी. नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव या देशांसाठी ती वाढवून देणारी जोड पॉलिसीला लावून घ्यावी लागते. निघण्याआधी विमा कंपनीला लेखी मागायचं आणि कागद गाडीत ठेवायचा.

नेपाळचे रस्ते पावसाळ्यात फार वाईट होतात. १२ जुलै २०२४ ला सिमलतालजवळ दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. २३ ऑगस्टला तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीकाठी बस खाली गेली, तीत जळगाव जिल्ह्यातले भाविक होते. पंचवीसहून अधिक माणसं गेली. श्रावणात पशुपतिनाथाचं दर्शन घ्यावं ही इच्छा समजते, पण स्वतःच्या गाडीने जायचं तर दिवाळीनंतर जावं. नारायणगड ते मुगलिंगचा नदीकाठचा टप्पा दिवसाउजेडी पार करावा, आणि चालक दोन ठेवावेत.