उलंगवाडी आणि आळस

केळापूर हे यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याचं नाव, तहसील कचेरी मात्र पांढरकवड्यात. हिवाळ्यात तिथल्या कोणत्याही चहाटपरीवर थांबा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: "मजूर भेटत नाही, लोकं आळशी झाले." आणि त्याला जोडूनच, "फुकटच्या रेशननं बिघडवलं."

रेशनचा हिशेब सोपा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. दिवसाला माणशी १६६ ग्रॅमच्या आसपास. तेल, डाळ, पोरांच्या वह्या, मोबाइलचा रिचार्ज यांतलं काहीच त्यात भागत नाही. मदत मिळाली की गरीब काम सोडतात का, हे अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात सरकारी रोख-मदत योजनांवरून तपासलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लोक काम टाळू लागल्याचा ठोस पुरावा सापडला नाही.

मग मजूर जातो कुठे? कापसाची वेचणी जवळून बघावी. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झालं की पहिला वेचा सुरू होतो. तेव्हा पऱ्हाटी पांढरीशुभ्र असते, एका झाडाशी हात भरतो. बाया दिवसभर कमरेत वाकून वेचतात, वाळक्या बोंडांची टोकं बोटांना ओरबाडतात, आणि संध्याकाळी काट्यावर जेवढे किलो भरतील तेवढी मजुरी. उलंगवाडी, म्हणजे कापसाच्या हंगामाची अखेर, जवळ आली की बोंडं विरळ होतात. तेवढंच वाकायचं, जास्त चालायचं आणि काट्यावर भरतं मात्र कमी. किलोचा दर तोच राहिला तर रोज पडत नाही, म्हणून ती बाई दुसरीकडे जाते. चार पैसे जास्त देणाऱ्या व्यापाऱ्याकडे शेतकरी कापूस नेतो, त्याला कुणी आळस म्हणत नाही. (शेतकऱ्याच्या हाती तरी काय उरतं, हा प्रश्न खराच आहे, पण त्याचं उत्तर वेचणाऱ्या बाईच्या स्वभावात सापडणार नाही.)

उन्हाळ्यात दुपारी लिंबाच्या सावलीत आडवी झालेली माणसं महामार्गावरून जाणाऱ्या गाडीवाल्याला दिसतात. ती पहाटेच शेतात जाऊन, वखरणी करून किंवा पऱ्हाट्या उपटून परतलेली असतात हे त्याला कसं दिसणार? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा अहवाल सांगतो, की ३३-३४ अंशांत मध्यम कष्टाचं काम करणाऱ्याची क्षमता निम्म्यावर येते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. अशा दुपारी राबणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं.

काहींचा थकवा मात्र झोपेनंही जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे "कामचुकार" म्हणून बोल खाणाऱ्या सुनेचं हिमोग्लोबिन आधी तपासायला हवं. विदर्भात सिकलसेलही आहे, विशेषतः आदिवासी समाजांत. अंगदुखी आणि दम लागणं हे त्यात नेहमीचंच. दोन्हींची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. महिनोन्‌महिने कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यासाठी टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. शेतकरी आत्महत्या पाहिलेल्या यवतमाळ जिल्ह्यात तरी "आळस झटक" हा सल्ला जपूनच द्यावा.

आता ज्याचं रक्त ठीक, मन ठीक, पुस्तक समोर उघडं आणि हातात मोबाइल, त्याच्याविषयी. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना दोन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात. एक, पहाटे चारला उठल्याशिवाय काही होत नाही. रात्री बाराला झोपून चारला उठणारा अभ्यासिकेत पेंगतो, एवढंच होतं. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते. दुसरी, सवय २१ दिवसांत लागते. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. बदललेला चेहरा ओळखीचा वाटायला रुग्णांना किमान तेवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. अभ्यासाच्या सवयीशी त्याचा काय संबंध? लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला (प्रसिद्धी २००९), तेव्हा सवय अंगवळणी पडायला मध्यकानुसार ६६ दिवस लागतील असं दिसलं. कुणाला १८, तर कुणाला २५४.

"उद्यापासून खूप अभ्यास करीन" या निश्चयापेक्षा "सकाळचा चहा झाला की त्याच जागी बसून दहा गणितं" हे ठरवणं जास्त टिकतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी हेच प्रयोगांतून दाखवलं: कधी, कुठे, काय हे आधी पक्कं असलं की ऐनवेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला तर आणखी बरं. आणि लॅलींच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्यानं सवय मोडली नव्हती. तेव्हा पोळ्याच्या दिवशी पुस्तक उघडलं नाही म्हणून भिंतीवरचं वेळापत्रक फाडून टाकू नये.