फायनल फँटसी १३-२
फायनल फँटसी १३-२ हा स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीचा भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम आहे. २००९ साली आलेल्या फायनल फँटसी १३चा हा उत्तरभाग १५ डिसेंबर २०११ रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० यांसाठी प्रकाशित झाला. बेपत्ता लायटनिंगचा तिची धाकटी बहीण सेरा आणि भविष्यकाळातून आलेला नोएल यांनी घेतलेला शोध हे त्याचे कथासूत्र होय.

खेळातील सुधारणा
पहिल्या भागाचा मार्ग फार एकरेषीय असल्याची टीका झाली होती. उत्तरभागात 'हिस्टोरिया क्रक्स' या व्यवस्थेमुळे खेळाडूस निरनिराळ्या स्थळकाळांत ये-जा करता येते. पूर्वी प्रमुख पात्र गारद होताच लढाई हरली असे धरले जाई. येथे सूत्रे दुसऱ्या पात्राकडे जातात. पराभूत केलेल्या काही राक्षसांना तिसरा साथीदार म्हणून लढाईत उतरवता येते.

पूरक सामग्री
प्रकाशनानंतर नवे पोशाख, रिंगणातील प्रतिस्पर्धी आणि साझ, स्नो व लायटनिंग यांच्या उपकथा डाउनलोडसाठी विक्रीस आल्या. साझच्या उपकथेमुळे जुगारगृहातील पत्त्यांचे खेळ खुले होतात. मूळ गेम 'पुढे चालू' अशा सूचनेवर संपतो, तर लायटनिंगचे पुढे काय झाले हे मे २०१२ मधील तिच्या उपकथेतून उलगडते. त्यामुळे कथेचा महत्त्वाचा दुवा वेगळी किंमत लावून विकल्याची टीका झाली. २०१४ च्या विंडोज आवृत्तीत यांपैकी बहुतांश सामग्री समाविष्ट करण्यात आली. कथेचा समारोप २०१३ मधील लायटनिंग रिटर्न्स या तिसऱ्या भागात होतो.